विंडोज ७ च्या नव्या लॅपटॉपवर ६९९ रुपयांत विंडोज ८ प्रो : सवलत घ्यावी का, आणि घ्यायची तर कशी?

कृष्णाकाठ
८ डिसेंबर २०१२

नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. यंदा पाडव्याच्या मुहूर्तावर, म्हणजे १४ नोव्हेंबरला, आम्ही घरी नवा लॅपटॉप घेतला. त्यात विंडोज ७ होम बेसिक कंपनीकडूनच भरून आलेले आहे. खरेदीच्या वेळी दुकानदार म्हणाले, "यावर तुम्हाला ६९९ रुपयांत विंडोज ८ मिळेल, काळजी करू नका." ते कोण देणार, कुठे मागायचे आणि कधीपर्यंत मागायचे, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. मागच्या आठवड्यात पुन्हा विचारायला गेले, तेव्हा "दोन हजार द्या, आम्हीच टाकून देतो" असे उत्तर मिळाले. ६९९ चे दोन हजार कसे झाले, याचा खुलासा काही झाला नाही. शिवाय त्यांनी त्या दिवशी नुसते कच्चे बिल दिले होते आणि पक्के बिल "नंतर न्या" असे सांगितले होते. ते अजून माझ्या हाती आलेले नाही.

माझ्या मुख्य शंका अशा आहेत. ही सवलत खरोखर मायक्रोसॉफ्टची आहे की दुकानदाराची? होम बेसिक ही सर्वांत साधी आवृत्ती आहे असे म्हणतात, तर तिच्यावर ही सवलत लागू होते का? विंडोज ८ टाकल्यावर आत असलेल्या फायली आणि प्रोग्राम तसेच राहतात की सगळे पुसले जाते? आमच्या गावात अजून भारनियमन चालू आहे आणि इंटरनेटही संथ आहे, त्यामुळे मोठी फाइल उतरवून घेणे कितपत जमेल, हीसुद्धा धास्ती आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शाळेच्या प्रश्नपत्रिका मी घरीच टाइप करते. त्यांचा निम्मा साठा जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहे आणि अलीकडच्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये आहेत. सहामाहीचे काम नुकतेच संपले असले तरी दहावीच्या सराव परीक्षा तोंडावर आहेत, आणि ऐन वेळी मराठी उमटेनासे झाले तर माझी फार अडचण होईल. पैसे थोडे आहेत म्हणून घाई करावी, की आहे ते बरे चालले आहे म्हणून हात लावू नये, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

डोंबिवलीकर
८ डिसेंबर २०१२

ताई, सवलत खरी आहे आणि ती मायक्रोसॉफ्टचीच आहे. दुकानदाराचा तिच्याशी एवढाच संबंध की त्याने दिलेल्या बिलावरची तारीख तुम्हाला लागणार आहे. दोन हजार रुपये त्याला अजिबात देऊ नका. १,९९९ रुपये हा जुना संगणक असलेल्या ग्राहकांनी विंडोज ८ प्रो इंटरनेटवरून उतरवून घेण्याचा भाव आहे, आणि बहुधा दुकानदार तोच आकडा तुम्हाला सांगत असावा. तुम्ही नवा संगणक घेतला आहे, त्यामुळे तुमचा भाव ६९९ रुपयेच आहे.

अटी अशा आहेत. संगणक २ जून २०१२ ते ३१ जानेवारी २०१३ या काळात नवा विकत घेतलेला असावा आणि त्यात विंडोज ७ ची होम बेसिक, होम प्रीमियम, प्रोफेशनल किंवा अल्टिमेट यांपैकी एखादी अस्सल आवृत्ती आधीपासून भरलेली असावी. लहान नेटबुकांत येणारी स्टार्टर आवृत्ती या यादीत नाही, पण तुमची होम बेसिक आहे. आणि गंमत नव्हे, खरा फायदा असा की यांपैकी कोणतीही आवृत्ती असली तरी बदल्यात विंडोज ८ प्रो मिळते. म्हणजे अल्टिमेट घेणाऱ्याला आणि होम बेसिक घेणाऱ्याला एकाच भावात एकच वस्तू मिळते, आणि या हिशेबात सर्वाधिक लाभ होम बेसिकवाल्यांचा होतो. नोंदणीची मुदत २८ फेब्रुवारी २०१३ पर्यंत आहे, पण शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

आता तुम्ही ज्याचा उल्लेख सहज केला आहे, त्याकडे मी सर्वांत जास्त लक्ष देईन : पक्के बिल. नोंदणी करताना खरेदीची तारीख, दुकानाचे नाव आणि लॅपटॉपचे मॉडेल भरावे लागते, आणि खरेदीचा पुरावा मागितला गेला तर कच्च्या चिठ्ठीचा काही उपयोग नाही. त्यामुळे उद्याच दुकानात जाऊन तारीख, मॉडेल आणि सिरियल नंबर लिहिलेले पक्के बिल घ्या. वॉरंटीसाठीही ते लागणारच आहे.

बिलानंतर स्टिकर पाहा. लॅपटॉप बंद करून उलटा केलात की खालच्या बाजूला, किंवा काही मॉडेलांत बॅटरी काढल्यावर तिच्या खोबणीत, विंडोजच्या अस्सलपणाचा लहानसा चौकोनी स्टिकर दिसेल. त्यावर विंडोज ७ च्या आवृत्तीचे नाव आणि पाच-पाच अक्षरांच्या पाच गटांत लिहिलेली पंचवीस अक्षरांची प्रॉडक्ट की असते. मांडीवर ठेवून वापरलेल्या लॅपटॉपांवरची ही अक्षरे वर्षभरात पुसट होतात, म्हणून आजच तिचा स्पष्ट फोटो काढून ठेवा. एक बारकावा पुष्कळांना ठाऊक नसतो. लॅपटॉपमध्ये एखादा प्रोग्राम चालवून जी की बाहेर काढता येते, ती बहुतेक वेळा त्या कंपनीच्या हजारो लॅपटॉपांत सारखीच भरलेली की असते. तुमच्या यंत्राची स्वतःची की फक्त स्टिकरवर असते, आणि नोंदणीसाठी हाताशी तीच असायला हवी.

स्टिकर मुळातच नसेल, तर मात्र प्रश्न गंभीर आहे. आपल्याकडे पैसे वाचवण्यासाठी विंडोजऐवजी फ्रीडॉस ही फुकट प्रणाली भरलेले लॅपटॉप घेतले जातात आणि दुकानदार त्यात चोरीचे विंडोज ७ अल्टिमेट 'फुकट' टाकून देतो. पडद्यावर अल्टिमेट दिसते म्हणून ग्राहक खूश होतो. अशा यंत्राला ही सवलत लागू होत नाही, कारण तिथे अपग्रेड करण्यासाठी मूळ परवानाच नाही. तुमच्याकडे होम बेसिक आहे यावरून ते कंपनीनेच भरलेले असावे असे वाटते, तरी खात्री करून घ्या.

पुढची कृती सोपी आहे. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज अपग्रेड ऑफरच्या संकेतस्थळावर देश म्हणून भारत निवडून नोंदणी करायची. ईमेलने एक सवलतीचा कोड येतो. मग विंडोज ८ चा अपग्रेड असिस्टंट हा छोटा प्रोग्राम त्याच लॅपटॉपवर चालवायचा. तो आधी तुमचे प्रोग्राम आणि जोडलेली यंत्रे तपासून काय चालेल आणि काय चालणार नाही याची यादी देतो. ती यादी नीट वाचा आणि जपून ठेवा. त्यानंतर पैसे भरण्याच्या पानावर हा कोड घातला की रक्कम ६९९ वर येते. पैसे भरल्यावर विंडोज ८ ची नवी प्रॉडक्ट की मिळते, तीही ईमेलमधून वहीत उतरवून ठेवा.

फाइल उतरवण्याची भीती बाळगू नका. फाइल साधारण दोन जीबीहून थोडी मोठी असते, त्यामुळे ५१२ केबीपीएसच्या जोडणीवर आठ-नऊ तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागेल, पण मध्ये थांबवून पुन्हा सुरू करण्याची सोय असिस्टंटमध्ये आहे. उतरवून झाल्यावर तो तीन पर्याय देतो : लगेच बसवा, डीव्हीडी किंवा पेनड्राइव्ह तयार करा, किंवा नंतर बसवा. इथे दुसरा पर्याय निवडा. चार जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. एकदा तो तयार झाला की इंटरनेटचा प्रश्न मिटला.

फायली आणि प्रोग्राम यांबद्दल : विंडोज ७ वरून गेल्यास दोन्ही ठेवण्याचा पर्याय मिळतो. विंडोजच्या त्याआधीच्या आवृत्त्यांपैकी व्हिस्टावरून गेल्यास प्रोग्राम राहत नाहीत आणि एक्सपीवरून गेल्यास फक्त वैयक्तिक फायली राहतात. तुमचा रस्ता या तिन्हींत सर्वांत सुखाचा आहे. तरीही बसवण्यापूर्वी दोन कामे कराच. प्रश्नपत्रिका वेगळ्या हार्डडिस्कवर किंवा डीव्हीडीवर घ्या, आणि लॅपटॉप कंपनीने दिलेल्या सोयीने विंडोज ७ च्या रिकव्हरी डीव्हीडी तयार करा. विंडोज ८ न आवडल्यास परत फिरण्याचा तुमचा भरवशाचा मार्ग त्या डीव्हीडीच असतील. बसवताना चार्जर लावलेला आणि बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या, म्हणजे वीज गेली तरी काम अर्ध्यावर अडणार नाही.

घाई करावी की नाही, या तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की हे दोन निर्णय आहेत आणि ते वेगवेगळे घ्यायला हवेत. परवाना विकत घेण्याला मुदत आहे, बसवण्याला नाही. परवाना आताच घ्या. बसवायचे केव्हा, ते तुमच्या कामाच्या सोयीने ठरवा.

छापखाना
९ डिसेंबर २०१२

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण जुन्या मराठी फॉन्टचा मुद्दा त्यात राहून गेला आहे आणि शिक्षिकाबाईंचे खरे काम त्याच्यावरच अवलंबून आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आमचा साताऱ्याला छपाईचा व्यवसाय आहे आणि मराठी अक्षरजुळणीचे काम आम्ही रोज करतो.

मराठी टाइप करण्याचे दोन प्रकार पूर्णपणे वेगळे आहेत. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर हा विंडोजच्या आतल्याच सोयीवर चालतो. विंडोज ७ मध्ये मंगल फॉन्ट आणि इन्स्क्रिप्ट कळफलक जसा आहे, तसाच तो विंडोज ८ मध्येही आहे, आणि शिवाय विंडोज ८ मध्ये निर्मला यूआय हा नवा फॉन्ट आला आहे. पडद्यावर बारीक आकारातली जोडाक्षरे आणि वेलांट्या त्यात मंगलपेक्षा पुष्कळ स्वच्छ दिसतात, हे मी स्वतः दोन्ही शेजारी ठेवून पाहिले आहे. 'र्‍य' आणि 'ऱ्ह' यांसारख्या जोड्या असलेला परिच्छेद बारा पॉइंटमध्ये लावून बघा, फरक लगेच जाणवेल. त्यामुळे युनिकोडमधल्या प्रश्नपत्रिकांची चिंता करू नका.

श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा मराठी टाइप करण्याच्या पॅकेजांच्या जुन्या आवृत्त्यांचे मात्र तसे नाही. त्यांत फॉन्ट वेगळा आणि तुम्ही दाबलेल्या कळीचे मराठी अक्षरात रूपांतर करणारा प्रोग्राम वेगळा असतो. फॉन्ट ही साधी फाइल असल्यामुळे तो कुठेही चालतो, म्हणजे जुनी प्रश्नपत्रिका उघडेल, दिसेल आणि छापलीही जाईल. अडते ते नवीन टाइप करताना, कारण कळफलकाचा तो प्रोग्राम विंडोजच्या आतल्या भागाशी जोडलेला असतो आणि विंडोज बदलले की त्याला नवी आवृत्ती लागू शकते. पुष्कळ पॅकेजांना यूएसबीला लावायचे कुलूप असते, ते लावल्याशिवाय पॅकेज चालत नाही. त्या कुलपाचा ड्रायव्हर, म्हणजे ते विंडोजशी जोडणारा छोटा प्रोग्राम, विंडोज ८ साठी निघाला आहे का, हे विक्रेत्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तुमचे विंडोज ७ ३२ बिटचे आहे की ६४ बिटचे, तेही पाहा. कॉम्प्युटरवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीज उघडले की तिथे लिहिलेले असते. ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे प्रोग्राम चालतच नाहीत, आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या कित्येक मराठी पॅकेजांचा प्रोग्राम ३२ बिटचा असला तरी त्याचा इन्स्टॉलर १६ बिटचा असतो. म्हणजे आधीपासून बसवलेले पॅकेज चालू असते, पण नव्याने बसवायला गेल्यास ते नाकारले जाते. ही अडचण विंडोज ७ च्या ६४ बिट आवृत्तीतही आहे, त्यामुळे तुमचे जुने पॅकेज आज या लॅपटॉपवर चालत असेल तर तो शुभसंकेत समजा, पण हमी समजू नका.

आमच्या छपाईच्या यंत्रांवर मी विंडोज ८ बसवणार नाही, हे स्पष्ट सांगतो. तिथे पानांची जुळणी करणारा पेजमेकर हा प्रोग्राम आणि कुलूप लावलेली पॅकेजे आहेत, आणि कामाच्या यंत्रावर प्रयोग करणे मला मान्य नाही. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्ट १४ जानेवारी २०२० पर्यंत सुरक्षेची अद्यतने देणार आहे, म्हणजे सात वर्षे हातात आहेत. घरच्या लॅपटॉपवर मात्र बसवेन. तुमचा लॅपटॉप घरचाही आहे आणि कामाचाही, म्हणून दहावीच्या सराव परीक्षा उरकेपर्यंत त्याला हात लावू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि सवड मिळेल तेव्हा जुन्या प्रश्नपत्रिका एकेक करून युनिकोडमध्ये आणा. पुढची विंडोज कोणतीही आली तरी मग तुम्हाला हा प्रश्न विचारावा लागणार नाही.

कृष्णाकाठ
१२ डिसेंबर २०१२

दोघांचेही मनापासून आभार. काल दुकानात जाऊन बसले आणि पक्के बिल घेऊनच उठले. बिलावर १४ नोव्हेंबर हीच तारीख आहे. स्टिकर बॅटरीच्या खोबणीत आहे आणि त्यावर होम बेसिक लिहिले आहे. फोटोही काढून ठेवला. विंडोज ६४ बिटची आहे आणि मेमरी ४ जीबी आहे. अक्षरजुळणीच्या पॅकेजच्या विक्रेत्याला फोन केला, तर विंडोज ८ साठीची आवृत्ती "तयार होत आहे" असे सांगितले गेले, तेव्हा बसवण्याचे काम मे महिन्याच्या सुटीतच करायचे असे ठरवले आहे.

आणखी दोन गोष्टी विचारते. आता परवाना घेऊन मे महिन्यात बसवला, तर ती की तोपर्यंत निकामी होत नाही ना? आणि जी वस्तू इतरांना १,९९९ रुपयांना मिळते ती नव्या ग्राहकांना ६९९ ला देण्यात मायक्रोसॉफ्टचा काय लाभ आहे? एवढ्या स्वस्ताईमागे एखादी छुपी अट तर नसेल, अशी शंका आमच्या घरी सारखी काढली जाते.

एडिसनवासी
१३ डिसेंबर २०१२

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण अशा सवलतींचा इतिहास मी बरीच वर्षे जवळून पाहत आलो आहे. इथे अमेरिकेत हीच सवलत १४.९९ डॉलरला आहे आणि जुन्या ग्राहकांसाठीचा भाव ३९.९९ डॉलर आहे, म्हणजे भारतातल्या आकड्यांत काही वेगळे किंवा संशयास्पद नाही.

छुपी अट नाही. कारण अगदी व्यापारी आहे. नवी प्रणाली येणार असे जाहीर झाले की लोक खरेदी थांबवतात. "चार महिने थांबू, नव्या विंडोजचाच घेऊ" असे प्रत्येक घरात म्हटले जाते, आणि तेवढे महिने दुकानांतला माल पडून राहतो. याला इथे ऑस्बर्न परिणाम म्हणतात. १९८१ मध्ये ऑस्बर्न १ हा उचलून नेता येणारा संगणक काढणाऱ्या कंपनीने पुढचे मॉडेल तयार होण्याआधीच त्याची चर्चा सुरू केली, चालू मॉडेलची विक्री मंदावली आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, अशी ती कथा सांगितली जाते. दिवाळखोरीला इतरही कारणे होती, पण त्या भीतीने सगळा उद्योग शहाणा झाला, हे खरे. आज घेतलेल्या संगणकावर उद्याची प्रणाली जवळजवळ फुकटात देण्याचे वचन हा त्यावरचाच उपाय आहे. सवलत २ जूनला सुरू झाली आणि विंडोज ८ बाजारात आले २६ ऑक्टोबरला, यावरूनच तिचा हेतू कळतो. तुमचा लॅपटॉप तर विंडोज ८ बाजारात आल्यानंतर विकला गेला आहे. दुकानात विंडोज ७ चा माल शिल्लक होता आणि तो खपावा म्हणून सवलत जानेवारीपर्यंत ठेवली आहे.

आधीच्या दोन खेपांशी तुलना केली, तर यंदाची योजना किती सुधारली आहे ते दिसते. व्हिस्टाच्या वेळी एक्सप्रेस अपग्रेड नावाची योजना २६ ऑक्टोबर २००६ ते १५ मार्च २००७ या काळात खरेदी करणाऱ्यांसाठी होती. विंडोज ७ च्या वेळी २६ जून २००९ ते ३१ जानेवारी २०१० अशी मुदत होती. दोन्ही वेळा वाटपाचे काम संगणक बनवणाऱ्या कंपन्यांवर सोपवले होते. प्रत्येकीचा अर्ज वेगळा, नियम वेगळे. कुणी डीव्हीडी फुकट पाठवली, तर कुणी पाठवणावळ आणि हाताळणीचे पैसे घेतले, आणि ग्राहक टपालाची वाट पाहत बसले. विंडोज ७ च्या योजनेत व्हिस्टा होम बेसिक घेणाऱ्यांना तर वगळलेच होते. साधा, स्वस्त संगणक घेणारा माणूसच त्यात उपाशी राहिला, आणि मला तो अन्याय आजही अन्यायच वाटतो. या वेळी होम बेसिकला प्रोफेशनलच्या पंक्तीला बसवले आहे आणि मायक्रोसॉफ्ट स्वतः थेट ग्राहकाला प्रणाली देत आहे, ही फार मोठी सुधारणा आहे.

एक सावधगिरी मात्र या इतिहासातूनच शिकावी. अपग्रेड मिळणे आणि ते आपल्या यंत्रावर नीट चालणे या भिन्न गोष्टी आहेत. २००६ मध्ये एक्सपीच्या संगणकांवर 'व्हिस्टा केपेबल' असे स्टिकर लावून ते विकले गेले. त्यातल्या कित्येकांवर व्हिस्टाची फक्त होम बेसिक आवृत्ती चालू शकत होती, आणि जाहिरातीत दाखवलेला काचेसारखा पडदा तिच्यात नव्हताच. त्यावरून २००७ मध्ये सिएटलच्या न्यायालयात ग्राहकांनी दावा दाखल केला. फेब्रुवारी २००८ मध्ये त्याला सामूहिक दाव्याचा दर्जा मिळाला आणि वर्षभराने तो काढूनही घेतला गेला. त्या दरम्यान मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्यांचे आपापसांतले ईमेल उघड झाले आणि स्टिकरच्या अटी ढिल्या केल्याबद्दल कंपनीच्या आतच किती नाराजी होती ते जगाला कळले. विंडोज ८ ची गरज त्या मानाने माफक आहे : १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ६४ बिटला २ जीबी मेमरी आणि २० जीबी मोकळी जागा. तुमचा लॅपटॉप सहज चालवेल. तरी लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलचे विंडोज ८ चे ड्रायव्हर आले आहेत का, हे बसवण्यापूर्वी बघा, विशेषतः ग्राफिक्स, वायफाय आणि आवाज-प्रकाश कमीजास्त करणाऱ्या कळांचे.

ॲपलची पद्धत याहून सुटसुटीत आहे, हेही नोंदवतो. या वर्षी ११ जून किंवा त्यानंतर ज्यांनी नवा मॅक घेतला, त्यांना २५ जुलैला आलेले मॅकच्या प्रणालीचे नवे रूप, माउंटन लायन, फुकट मिळाले. इतरांना त्याचे १९.९९ डॉलर पडले. पण तिथे मागणी करण्याची मुदत तीस दिवसांची होती आणि माझ्या ओळखीतल्या काहींची ती चुकली. त्या मानाने तुमच्या हातात अजून अडीच महिने आहेत.

डोंबिवलीकर
१४ डिसेंबर २०१२

ताई, की निकामी होत नाही. मुदत आहे ती नोंदणीला आणि सवलतीचा कोड वापरून खरेदी करण्याला. एकदा पैसे भरून विंडोज ८ प्रोची की मिळाली की ती मे महिन्यात वापरा किंवा पुढच्या दिवाळीत. मात्र नोंदणी आणि खरेदी या दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत उरका. नोंदणी करून कोड ईमेलमध्ये तसाच ठेवला आणि फेब्रुवारी उलटला, असे होऊ देऊ नका.

हा परवाना अपग्रेडचा आहे आणि तो याच लॅपटॉपच्या विंडोज ७ वर आधारलेला आहे, याचा अर्थ नीट समजून घ्या. विंडोज ८ इथे बसवून जुने विंडोज ७ दुसऱ्या संगणकावर टाकता येणार नाही. आणि मे महिन्यात कुणी हौशी माणूस "आधी डिस्क साफ फॉरमॅट करू, मग बसवू" म्हणाला, तर त्याला थांबवा. रिकाम्या डिस्कवर अपग्रेडची की घातल्यास, ही की नव्याने बसवण्यासाठी नाही असे सांगून विंडोज ८ सक्रिय होण्यास नकार देते. विंडोज ७ चालू असताना, त्याच्या आतूनच पेनड्राइव्हवरचा सेटअप सुरू करायचा. मग फायली, प्रोग्राम आणि सेटिंग ठेवायची का, हे तो विचारतो.

विंडोज ८ मध्ये डीव्हीडीवरचे चित्रपट लावण्याची सोय काढून टाकली आहे. मीडिया सेंटर पॅक घेतल्यास ती मिळते आणि तो पॅक ३१ जानेवारी २०१३ पर्यंत मायक्रोसॉफ्ट फुकट देत आहे. आपला ईमेल पत्ता दिला की त्याची वेगळी की येते. तुम्ही मे महिन्यात बसवणार असाल तर त्या मुदतीत बसत नाही, पण व्हीएलसीसारख्या मोफत प्रोग्रामने डीव्हीडी उत्तम चालतात, त्यामुळे यासाठी बेत बदलण्याची गरज नाही.

घरातल्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, ती म्हणजे डाव्या कोपऱ्यातले स्टार्ट बटण आणि त्यातून उघडणारी यादी विंडोज ८ मध्ये नाही. त्या जागी पूर्ण पडदाभर चौकोन दिसतात. लॅपटॉप बंद कसा करायचा, इथपासून लोक अडतात. विंडोजची कळ आणि आय एकत्र दाबल्यावर उजवीकडे पट्टी येते, तिच्यात पॉवरचे बटण आहे. विंडोजची कळ आणि एक्स दाबल्यास कंट्रोल पॅनेल, डिस्क मॅनेजमेंट वगैरेंची यादी येते. माझ्या कामात ती सर्वांत उपयोगी पडते. नेहमीचा डेस्कटॉपही एका चौकोनावर क्लिक केल्यावर मिळतो आणि तुमचा वर्ड त्यात पूर्वीसारखाच चालतो. बदल्यात जे मिळते तेही कमी नाही. सुरू होण्याचा वेळ ठळकपणे घटतो, विंडोज डिफेंडर आता पूर्ण अँटिव्हायरसचे काम करतो, म्हणजे दरवर्षीचा तो खर्च घरच्या वापरासाठी टाळता येतो, आणि प्रो आवृत्तीत बिटलॉकरने डिस्क कुलूपबंद करता येते. प्रश्नपत्रिका ज्या लॅपटॉपवर आहेत, त्यासाठी ही शेवटची सोय मला सर्वांत मोलाची वाटते, कारण लॅपटॉप हरवला तरी आतला मजकूर कुणाला वाचता येणार नाही. मात्र बिटलॉकर सुरू करताना जी रिकव्हरी की मिळते, ती कागदावर छापून घराच्या कपाटात ठेवावी लागते. ती हरवली आणि कधी तिची गरज पडली, तर तुमच्या फायली तुम्हालाही उघडता येणार नाहीत.

छापखाना
१४ डिसेंबर २०१२

बाईंसाठी एक छोटी भर. मे महिन्यात बसवण्यापूर्वी जुन्या फॉन्टमधल्या दोन-तीन प्रश्नपत्रिका पीडीएफ करून ठेवा आणि बसवल्यानंतर त्याच फायली वर्डमध्ये उघडून ओळीगणिक ताडून पाहा. फॉन्ट बरोबर असूनही एखादे जोडाक्षर किंवा अनुस्वार सरकलेला असू शकतो, आणि तो दोष प्रश्नपत्रिका छापून वर्गात वाटल्यावर लक्षात येण्यापेक्षा सुटीत घरी बसून सापडलेला बरा. पॅकेजच्या विक्रेत्याकडून विंडोज ८ ची आवृत्ती फुकट मिळणार की अपग्रेडचे पैसे पडणार, हेही आताच लेखी विचारून घ्या. विंडोजचे ६९९ आणि पॅकेजचे त्याच्या कितीतरी पट, असा हिशेब निघाला, तर विंडोज ८ चा परवाना जवळ ठेवून जुनी प्रणालीच आणखी एक वर्ष चालवायला काहीच हरकत नाही.

कृष्णाकाठ
१६ डिसेंबर २०१२

आज रविवारी सकाळी नोंदणी केली. थोड्या वेळाने ईमेलने कोड आला आणि ६९९ रुपयांतच खरेदी झाली. विंडोज ८ ची की वहीत लिहिली आहे, फाइल रात्री उतरवायला लावेन. असिस्टंटने दिलेल्या यादीत मराठी पॅकेजच्या कुलपाचा ड्रायव्हर 'तपासून पाहा' या गटात आला आहे. विक्रेत्याला अपग्रेडच्या खर्चाबद्दल पत्र लिहिले असून त्यांचे उत्तर आले की इथे कळवीन, कारण आमच्या तालुक्यात हेच पॅकेज वापरणाऱ्या आणखी बऱ्याच शाळा आहेत.